वाचवलेला पैसा कुणाचा?

अमेरिकेतल्या हॉटेलात जेवण झालं की बिलाबरोबर कार्डाची पावती येते. जेवणाची रक्कम छापलेली असते, तिच्याखाली ‘टिप’ असं लिहून एक ओळ कोरी सोडलेली असते आणि त्याखाली एकूण बेरजेसाठी आणखी एक. आपल्याकडून तिकडे गेलेल्या माणसाचा हात त्या पहिल्या कोऱ्या ओळीपाशी हमखास अडखळतो. साठ डॉलरचं जेवण झालं असेल तर रिवाजाप्रमाणे नऊ ते बारा डॉलर लिहायचे. मनात लगेच गुणाकार होतो : बारा डॉलर म्हणजे हजार रुपये, हजार रुपयांत पुण्यात दोघंतिघं पोटभर जेवतील. मग दोनच डॉलर लिहिले जातात, किंवा नुसती रेघ ओढली जाते, आणि बाहेर पडताना मनाची समजूत घातली जाते की आपण काटकसर केली. माझ्या मते ती काटकसर नव्हे. ती का नव्हे हे नीट तपासलं, तर काटकसर आणि कंजुषी यांच्यामधली रेघ कुठून जाते ते कळतं.

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे सर्वसाधारण किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे. पण ज्याला टिप मिळते त्या कामगाराला मालकाने रोख २.१३ डॉलर दिले तरी कायद्याला ते चालतं. हा आकडा १९९१ सालापासून हललेला नाही. कॅलिफोर्नियासारखी काही राज्यं मालकाला पूर्ण किमान वेतन द्यायला लावतात, पण अनेक राज्यांत आजही वाढप्याच्या पगाराचा मोठा हिस्सा गिऱ्हाइकाने त्या कोऱ्या ओळीवर लिहायचा असतो. म्हणजे तिथे लिहायचे राहिलेले दहा डॉलर आपण स्वतःच्या कुठल्याही गरजेला कात्री लावून वाचवलेले नसतात. जेवण तर आपण पुरेपूर जेवलेलो असतो. ते दहा डॉलर समोरच्या बाईच्या पगारातून वाचलेले असतात. आपल्याकडे काटकसर आणि कंजुषी यांतला फरक सांगताना सहसा रकमेचं माप लावतात : थोडं वाचवलं तर काटकसर, अती झालं तर कंजुषी. हे माप चुकीचं आहे. माणूस अर्धपोटी राहूनही काटकसरी असू शकतो आणि दोन डॉलरांसाठी कंजूष ठरू शकतो. किती वाचवलं याला महत्त्व नाही. वाचवलेला पैसा कुणाच्या वाट्यातून आला, हे विचारायला हवं. स्वतःच्या सुखातून आला तर काटकसर, दुसऱ्याच्या हक्कातून आला तर कंजुषी.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे आणि त्यात तथ्यही आहे. नोकराचा पगार मालकाने द्यावा, तो गिऱ्हाइकाच्या गळ्यात का मारता? ही पद्धत अन्यायाची आहे, यात मला शंका नाही. पण तिकडच्या मेन्यूवरची किंमत कमी दिसते ती तिच्यात वाढप्याचा पूर्ण पगार धरलेला नसतो म्हणून. ती कमी किंमत घ्यायची आणि तिच्यामागची अट मात्र तत्त्वाच्या नावाखाली झटकून टाकायची, हा निषेध नव्हे. दुसरा युक्तिवाद असा, की टिप कमी पडली तर ७.२५ डॉलरपर्यंतची तूट मालकाने भरावी असं कायदाच सांगतो. सांगतो, पण तो हिशेब आठवड्याचा असतो. तुमच्या टेबलावरचं शून्य मालकाच्या खिशातून नव्हे, तर शेजारच्या टेबलांवरच्या टिपांतून भरून निघतं. ज्याला ही पद्धत खरंच पटत नाही त्याला एक सरळ वाट मोकळी आहे : हॉटेलात जाऊ नये, घरी वरणभाताचा कुकर लावावा. ती काटकसरही आहे आणि तिच्यात कुणाचं काही बुडत नाही.

परदेशातल्या खऱ्या काटकसरीची आपल्याकडे मोठी उदाहरणं आहेत आणि त्यांच्याकडे या नजरेने फारसं पाहिलं गेलेलं नाही. गांधीजी १८८८ साली बॅरिस्टर व्हायला लंडनला गेले. सुरुवातीला त्यांनी साहेबी थाटावर पैसे घातले आणि मग सावरून दोन खोल्यांची एक खोली केली, शेगडी घेतली, सकाळी ओटची लापशी आणि रात्री पाव-कोको असं घरीच खायला लागले. बसगाडीचे पैसे वाचवून रोज मैलोन्‌मैल चालत. दिवसाचा खर्च त्यांनी एक शिलिंग तीन पेन्सांवर आणला, असं त्यांनी आत्मकथेत नोंदवलं आहे. त्यामागचं कारणही दिलं आहे : खर्च मोठा भाऊ पाठवत होता आणि कुटुंबाच्या ऐपतीला आपलं राहणं शोभत नव्हतं. इथे वाचवलेला प्रत्येक पेनी भावाच्या ओझ्यातून कमी झाला आणि तो वाचवला चालणाऱ्या पायांनी. घरमालकिणीचं भाडं थकवून नव्हे.

डॉ. आंबेडकरांचं उदाहरण मला याहून अधिक जवळचं वाटतं, कारण त्यात काटकसरीचं दुसरं अंग दिसतं. १९१३ साली ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्ती होती महिन्याला साडेअकरा पौंड. त्यातून स्वतःचा खर्च भागवायचा आणि घरी रमाबाईंनाही पाठवायचे. पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून कर्ज घेतलं आणि १९२० साली अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करायला ते लंडनला गेले. तिथली त्यांची उपासमार चरित्रकारांनी तपशिलाने सांगितली आहे. सकाळी घरमालकिणीने दिलेला तुटपुंजा नाश्ता, दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात मुक्काम, रात्री उशिरा भूक असह्य झाली की भारतातून आलेले पापड आणि कपभर दूध. पण याच माणसाने न्यूयॉर्कच्या जुन्या बाजारात सुमारे दोन हजार पुस्तकं विकत घेतली होती! ज्याचा हात जेवणाला आखडतो तो पुस्तकाला आखडत नाही. कंजूष माणसाचा हात सगळीकडे सारखाच आखडलेला असतो, कारण त्याला पैसा कशासाठी तरी नको असतो, नुसता हवा असतो. काटकसरी माणूस एका जागी मूठ आवळतो ती दुसऱ्या जागी उघडता यावी म्हणून. लंडनमधल्या त्या वर्षांतून डी.एस्सी.चा प्रबंध उभा राहिला आणि १९२३ साली पुस्तक होऊन निघाला. त्याचा विषय होता रुपयाचा प्रश्न, म्हणजे रुपयाची किंमत कशाच्या आधारे ठरावी हा.

रुपयाची किंमत हाच परदेशातल्या आपल्या माणसाचा रोजचा घोळ आहे. दुकानात उभं राहून प्रत्येक वस्तूला पंच्याऐंशीने किंवा नव्वदने गुणण्याची सवय. पहिल्या वर्षात हा गुणाकार बरोबरच आहे, असं मी म्हणेन. एमएस करायला गेलेल्या मुलाने शैक्षणिक कर्ज रुपयांत काढलेलं असतं, त्यासाठी गावचं घर तारण असतं आणि व्हिसाच्या नियमाने सत्र चालू असताना त्याला विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला वीसच तास काम करता येतं. त्याने रुपयांत विचार केला नाही तर तो बेफिकीर ठरेल. दोन खोल्यांत चौघं राहतात, एक जण हॉलमध्ये गादी टाकतो, कोट जुन्या कपड्यांच्या दुकानातून येतो, तूरडाळीचे पैसे चौघांत सेंटपर्यंत वाटले जातात. या शेवटच्या गोष्टीला लोक कद्रूपणा म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं. टीटीएमएम, म्हणजे तुझं तू माझं मी, हा चोख व्यवहार आहे. त्यात कुणी कुणाचं खात नाही आणि मनात ठेवायला काही उरत नाही म्हणून मैत्री टिकते. कद्रू तो, जो डाळ खातो आणि वाटणीच्या वेळी फोन उचलत नाही.

गुणाकार चुकीचा ठरतो तो पगार डॉलरमध्ये सुरू झाल्यावर, आणि तरीही तो सुटत नाही. ज्या चलनात मिळवायचं त्याच चलनात खर्चाचं मोल ठरतं. बाजारात डॉलरला जेवढे रुपये मिळतात त्याच्या साधारण चौथ्या हिश्शाइतकंच डॉलरचं घरगुती वजन आहे, असं जागतिक बँकेचे क्रयशक्तीचे हिशेबही सांगतात. दहा वर्षं डॉलरमध्ये कमावून रुपयांत खर्च मोजणाऱ्याला तिकडचं प्रत्येक माणूस महाग वाटायला लागतं : केस कापणारा, घर साफ करायला येणारी, मुलाला सांभाळणारी. वस्तू महाग वाटली तर ती घ्यायची नाही, इतकंच. पण माणूस महाग वाटायला लागला की त्याच्या मजुरीवर घासाघीस सुरू होते. माझ्या मते काटकसरीला कीड लागते ती इथे, आणि बऱ्याचदा ज्याला लागते त्याला पत्ताही लागत नाही.

दुकानात घेतलेली वस्तू वापरून परत करण्याची खोडही याच जातीची. सहलीसाठी तंबू आणायचा आणि सहल संपली की न आवडल्याचं सांगून पैसे परत घ्यायचे. ‘एवढी मोठी कंपनी, तिचं काय जातंय?’ असं विचारतात. मेन राज्यातली एल. एल. बीन ही १९१२ सालची कंपनी आपल्या मालावर आयुष्यभराची हमी देत असे. २०१८ साली तिने ती बंद करून एक वर्षाची केली. जुन्या बाजारातून उचललेला, वर्षानुवर्षं वापरलेला माल घेऊन लोक पैसे मागायला येऊ लागले होते. हे सगळे लोक आपलेच होते असं कुणी म्हणणार नाही, ही खोड कुठल्या एका देशाची नाही. गेली ती मात्र प्रामाणिक गिऱ्हाइकाची हमी.

परक्या मुलखात कोण कुणाचं, तिथल्या माणसांशी आपला व्यवहारापुरता संबंध, असंही म्हटलं जातं. गोव्याच्या माणसांनी याला फार जुनं उत्तर देऊन ठेवलं आहे. १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगालच्या ताब्यात होता, म्हणजे गोंयकाराला मुंबई हा सरकारी अर्थाने परदेशच. जहाजावर कामाला जाणारे तारवटी दोन सफरींच्या मधले दिवस धोबीतलाव-माझगाव भागातल्या ‘कुडां’त काढत. कूड गावाने चालवलेलं. एकेका गावाचं एकेक, गावच्या संताच्या नावाचं. भिंतीशी ट्रंका लावलेल्या, मधल्या जागेत अंथरुणं, महिन्याची वर्गणी अगदी थोडी, संध्याकाळी सगळ्यांची मिळून प्रार्थना. स्वस्तात राहण्याचा याहून स्वस्त मार्ग नव्हता, पण तो प्रत्येकाने आपला वाटा भरला म्हणून स्वस्त होता. वर्गणी बुडवून ट्रंक तेवढी ठेवणारे वाढले असते तर कूड चाललंच नसतं.

सगळ्यांत अवघड प्रश्न आखाती देशांत राबणाऱ्यांचा आहे. रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी घरांचे चिरे त्या पैशाने बसले आहेत. भारतात परदेशातून येणारा पैसा २०२२ साली १०० अब्ज डॉलरच्या पुढे गेला. एवढी रक्कम कुठल्याच देशाला तोवर आली नव्हती. त्यातला मोठा भाग असा पोटाला चिमटा घेऊन आलेला आहे. एका खोलीत आठ-दहा जण राहणाऱ्या कामगाराला ‘काटकसरी’ म्हणून गौरवणं मला पटत नाही. काटकसरीला निवड असावी लागते आणि त्याला ती नाही. त्याच्या वाट्याला आलेली हलाखी ही त्याला मजुरी देणाऱ्याची कंजुषी आहे. मात्र ज्याला निवड आहे, तोही कधी औषध टाळतो, दाताचं दुखणं ‘भारतात गेलो की बघू’ म्हणून दोन वर्षं अंगावर काढतो. हे तर स्वतःच्याच सुखातून वाचवलं, मग काटकसर का म्हणू नये? कारण शरीर म्हणजे सुख नव्हे. ज्यांच्यासाठी तो पैसा पाठवतो त्यांचाही त्या शरीरावर हक्क आहे. संस्कृतात ‘कृपण’ शब्दाचा अर्थ चिक्कू असा आहे तसाच दीन, केविलवाणा असाही आहे. दुखरा दात घेऊन बँकेतली शिल्लक पाहणारा माणूस दोन्ही अर्थांनी कृपण आहे.

शेवटची गोष्ट आई-वडिलांच्या भेटीची. युरोपातल्या शेंगेन देशांत यायचं तर किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा असल्याखेरीज व्हिसाच मिळत नाही, त्यामुळे तिथे मुलांच्या मनाची परीक्षा होत नाही. अमेरिका पर्यटकाला अशी सक्ती करत नाही, आणि सत्तरीतली आई सहा महिन्यांसाठी येते. १९८६ च्या कायद्याने आणीबाणीत रुग्णालय तिला परत पाठवू शकत नाही, पण बिल माफ होत नाही. विम्यांत एक स्वस्त प्रकार असतो, जो प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम देऊन मोकळा होतो. उरलेलं बिल घरच्यांनी भरायचं. मधुमेह, रक्तदाब असे आधीचे आजार बहुतेक ठिकाणी वगळलेले असतात. हा विमा घ्यायचा आणि मग आईने छातीत दुखलं तरी मुलाच्या खर्चाच्या भीतीने बोलायचं नाही, असं घडतं. ती गप्प राहते, म्हणजे हे वाचलेले डॉलर तिच्या जिवातून वाचलेले असतात. तेव्हा विमानाचं तिकीट काढाल त्याच दिवशी विमाही काढा. तो चांगला काढा, अटी तिला मराठीत वाचून दाखवा आणि त्याचा कागद तिच्या पर्समध्ये ठेवा.