चिऊ माझ्या मांडीवर होती

वीस वर्षांत अपघाताच्या किती बातम्या लिहिल्या, मोजलेल्या नाहीत. कुर्डुवाडी रोड, लातूर रोड, सोलापूर रोड. ‘आईच्या मांडीवरील चिमुकल्याचा मृत्यू’ हे शीर्षक तर मी स्वतः अनेकदा दिलंय. शेवटची ओळ ठरलेली, ‘परिसरात हळहळ व्यक्त होत आहे.’ पण मूल मांडीवर का होतं, हा प्रश्न मी एकाही बातमीत विचारला नाही.

विचारणार कुठून? मीही तेच करत होतो.

दोन वर्षांपूर्वी पुतणीचं जावळ काढायला आम्ही सगळे तुळजापूरला गेलो होतो. येताना गाडी धाकटा भाऊ चालवत होता, मी त्याच्या शेजारी. दीड वर्षाची चिऊ माझ्या मांडीवर झोपलेली. मी बेल्ट लावला होता. तिला दोन्ही हातांनी धरलं होतं, म्हणजे ती सुरक्षित, असा माझा समज. दिवस उसाच्या सीझनचे, अंधार पडत आलेला. वैरागच्या अलीकडे उसाची ट्रॉली रस्त्यातच उभी. ना लाईट, ना रिफ्लेक्टर. भावाने करकचून ब्रेक मारला. गाडी ट्रॉलीच्या हातभर अलीकडे थांबली.

मला बेल्टने धरलं. चिऊला धरायला माझे हात पुरले नाहीत. तिचं कपाळ डॅशबोर्डवर आपटलं. चार टाके पडले. आज ती ठणठणीत आहे, खूण तेवढी भुवईच्या वर राहिलीय.

लक्षात घ्या, हा अपघातसुद्धा नव्हता. नुसता ब्रेक होता, आणि स्पीड चाळीसच्या आसपास.

त्यानंतर मी जरा अभ्यास केला. अकरावीच्या फिजिक्सचा हिशोब आहे, कुणीही करून बघावा. ताशी ५० किलोमीटर वेगाने धडक बसणं म्हणजे सुमारे दहा मीटरवरून, तिसऱ्या मजल्यावरून खाली पडण्यासारखं. गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर दहा किलोचं लेकरू धरून ठेवायला साधारण दीडशे किलो पेलण्याइतका जोर लागतो. तालमीतल्या पैलवानालाही ते झेपणार नाही. आणि एकच बेल्ट स्वतःला आणि मांडीवरच्या मुलाला मिळून लावणं तर त्याहून वाईट, कारण धडकेत मोठ्या माणसाचं सगळं वजन मुलावर येतं.

आता ‘फाइव्ह स्टार’बद्दल. भारत एनकॅपची टेस्ट २०२३ मध्ये सुरू झाली आणि लोक स्टार बघून गाडी घ्यायला लागले, चांगली गोष्ट आहे. पण या टेस्टमध्ये लहान मुलांचे वेगळे मार्क असतात, ते कसे मिळतात ते बघा. दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलाएवढे पुतळे मागच्या सीटवर, चाइल्ड सीटमध्ये बसवून गाडी आदळतात. मांडीवर बसवून नाही. म्हणजे तुमचं लेकरू मांडीवर असेल तर ते स्टार त्याच्या कामाचे नाहीत.

टाके निघाले त्याच आठवड्यात भावाने चाइल्ड सीट आणली. आठ हजार रुपये. आई म्हणाली, “लेकराला जनावरासारखं बांधून ठेवता व्हय रे?” चिऊने पहिले चार-पाच दिवस गाडी डोक्यावर घेतली. मग सवय झाली. आता सीटचा पट्टा लावल्याशिवाय तीच गाडी सुरू करू देत नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. महिनाभर ती सीट आम्ही चुकीची लावली होती. धरून हलवली तर चांगली वीतभर सरकायची. म्हणून जे शिकलो ते सांगतो.

वयापेक्षा मुलाचं वजन आणि उंची बघून सीट घ्या, दोन्हीचे आकडे सीटवर छापलेले असतात. ‘आर ४४’, ‘आर १२९’ किंवा आपला ‘एआयएस ०७२’ यातला मानकाचा शिक्का आहे का ते तपासा. जुनी सीट घेत असाल तर ती अपघातातून गेलेली नसावी. तशी खात्री देणारा ओळखीचा माणूस नसेल तर घेऊच नका.

बाळाचं तोंड मागच्या काचेकडे हवं. बाळाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं आणि मान नाजूक. तोंड मागे असलं की धडकेचा जोर पूर्ण पाठीवर वाटला जातो. ‘आर १२९’ प्रमाणे किमान पंधरा महिन्यांपर्यंत असंच बसवायचं. सीटच्या वजन-उंचीत बसत असेल तर त्यापुढेही तसंच बसवलेलं चांगलं.

सीट गाडीच्या मागच्या सीटवरच लावा. पुढे एअरबॅग चालू असताना मागे तोंड असलेली सीट तिथे कधीच लावायची नाही. डोळ्याचं पातं लवण्याआधी फुगणारी ती पिशवी सरळ बाळाच्या डोक्यामागे आदळते.

गाडीत आयसोफिक्सचे हूक असतील तर सीट ‘खट्’ आवाज येईपर्यंत त्यात अडकवा. सीटला वरचा पट्टा किंवा खालचा पाय दिलेला असेल तर तोही लावा, तो शोभेला नसतो. हूक नसतील तर गाडीचा बेल्ट सीटच्या ठरलेल्या खाचेतूनच ओवा आणि गुडघा सीटवर दाबून बेल्ट ओढून घ्या. मग बेल्ट जातो तिथे धरून हलवा. इंचभरापेक्षा जास्त हलली तर पुन्हा लावा.

मुलाच्या अंगावरचा पट्टा चिमटीत धरता आला तर तो सैल आहे असं समजा. थंडीत जाड स्वेटर काढून पट्टा लावा आणि वरून शाल पांघरा. पुढची सीट लहान झाली की बूस्टर घ्या. उंची साधारण १३५ ते १५० सेंटीमीटर होऊन गाडीचा बेल्ट गळ्याऐवजी खांद्यावर आणि पोटाऐवजी मांडीच्या वरच्या हाडावर बसेपर्यंत बूस्टर लागतं.

कायदाही आहे बरं का. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब प्रमाणे चौदा वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय गाडीत असेल तर हजार रुपये दंड. आपल्याकडे ही पावती फाटलेली मी अजून पाहिलेली नाही. शोरूमवाला फुलांचा हार, पेढे, मॅटिंग सगळं देतो, पण घरात लहान मूल आहे का, हे विचारत नाही.

आणि ज्यांच्याकडे फक्त मोटारसायकल आहे त्यांनी, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांनी, हे वाचा. १५ फेब्रुवारी २०२३ पासून नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर हेल्मेट आणि चालवणाऱ्याला जोडणारा हार्नेस सक्तीचा आहे, आणि वेग चाळीसच्या आत. हार्नेस चाइल्ड सीटपेक्षा कितीतरी स्वस्त मिळतो.

चाइल्ड सीट महाग आहे, मान्य. पण आपण तीन-चार लाखांची सेकंडहँड गाडी घेतो, वर सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टीम टाकतो, तेव्हा हा खर्च डोक्यातच येत नाही. पैशापेक्षा सवयीचा प्रश्न जास्त आहे. मांडी म्हणजे माया, असं आपल्या मनात बसलंय. माया खरीच आहे हो, पण ब्रेक लागल्यावर तिचा उपयोग होत नाही. माझा झाला नाही.

यापुढे अपघाताच्या बातमीत मी एक ओळ नेमाने लिहिणार आहे, मूल कुठे बसलं होतं आणि बांधलेलं होतं का. वाचताना कुणाला ते निष्ठुर वाटेल. वाटू दे. नुसती हळहळ व्यक्त करून वीस वर्षं झाली.

ज्यांच्या घरी सीट आहे त्यांनी आज गाडीपाशी जाऊन ती एकदा हलवून बघा. किती हलली ते खाली सांगा. लावताना अडचण आली तर रविवारी सकाळी मी घरीच असतो, गाडी घेऊन या, मिळून लावू.