पुसूनही उरलेल्या रेघा

१९९६ चा एप्रिल. दक्षिण आफ्रिकेतलं ईस्ट लंडन नावाचं बंदर, तिथलं नगरभवन. वर्णभेदी राजवटीतले अत्याचार उजेडात आणण्यासाठी नेमलेल्या, आर्चबिशप डेस्मंड टूटू यांच्या अध्यक्षतेखालच्या सत्य आणि समेट आयोगाची पहिली जाहीर सुनावणी. साक्षीला नोमोंडे कलाटा बसल्या आहेत. त्यांचे पती फोर्ट कलाटा क्रॅडॉक गावात शिक्षक होते. १९८५ च्या जूनमध्ये ते आणि त्यांचे तीन सहकारी पोर्ट एलिझाबेथहून बैठक आटोपून गाडीने निघाले, ते घरी पोचलेच नाहीत. नोमोंडे तेव्हा गरोदर होत्या. वाटपासाठी घरी येणाऱ्या वर्तमानपत्राच्या गठ्ठ्यातून त्यांना कळलं, की गाडी जळालेली सापडली आहे. हे सांगता सांगता त्यांनी मान मागे टाकली आणि किंकाळी फोडली. हंबरडा म्हणावं, तर तो शब्द थिटा पडतो.

टूटूंनी कामकाज थांबवलं. सगळे परत जागेवर आले, तेव्हा त्यांनी 'सेन्झेनी ना' म्हणायला सुरुवात केली. अंत्ययात्रेत आणि मोर्चात म्हटलं जाणारं हे गाणं. सभागृहाने ते उचललं. गाणं संपलं आणि साक्ष पुढे चालू झाली.

आयोगाच्या कायद्यात गाण्याची तरतूद नव्हती. पण त्या किंकाळीनंतर लगेच "पुढचा प्रश्न" असं कुणाला म्हणवलं असतं? दुभंगलेल्या समाजात कलेचा काय उपयोग, असं कुणी विचारलं की मला ते नगरभवन आठवतं. गाण्याने फोर्ट कलाटा परत आले नाहीत. त्या बाईंना पुढचं वाक्य बोलता आलं, इतकंच झालं. मला ते फार मोठं वाटतं.

*

आयोगाचे दुभाषे. देशाच्या तेव्हा अकरा अधिकृत भाषा, साक्षीदार आपापल्या भाषेत बोलणार, आणि काचेच्या खोलीत बसलेला तरुण दुभाषा ते त्याच क्षणी दुसऱ्या भाषेत सांगणार. नियम असा, की प्रथमपुरुषातच बोलायचं. म्हणजे आत्ता तो म्हणतो, "माझ्या मुलाला त्यांनी ओढून नेलं." थोड्या वेळाने पोलिसाची साक्ष सुरू झाली, की त्याच आवाजात, "मी गोळी झाडली." एकाच गळ्यातून दोन्ही 'मी'. यातले कित्येक जण आतून मोडून गेले.

त्यांच्यावर पुढे 'ट्रुथ इन ट्रान्सलेशन' हे नाटक झालं. संगीत ह्यू मासेकेला यांचं. २००६ मध्ये त्याची सुरुवात झाली ती रवांडात, जिथे वंशसंहारात मारणारे आणि त्यातून वाचलेले आजही शेजारी राहतात.

आपण एकमेकांचा 'मी' पाच मिनिटं तरी तोंडात घेऊन पाहतो का? नट घेतो, दुभाषा घेतो. बाकीच्यांना ती सवयच नाही.

*

शब्दाची एक गोष्ट. दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा भाषेत 'उक्सोलो' म्हणजे शांतता. आणि चुकून धक्का लागला, काही चुकलं, तरी माणूस 'उक्सोलो'च म्हणतो. क्षमा मागणं आणि शांतता एकाच शब्दात नांदतात.

आपल्याकडे 'माफ करा' आपण दारात आलेल्या भिकाऱ्यालाही म्हणतो. त्याचा अर्थ असतो, पुढे जा, इथे काही मिळणार नाही. लहानपणी आजीच्या तोंडून मी ते रोज ऐकलं. माफीच्या शब्दाने दार लावलं जातं, हे तेव्हा कळत नव्हतं. मोठेपणी सार्वजनिक माफ्या ऐकताना तोच सूर ओळखू येतो: झालं ते झालं, आता पुढे जा.

*

माफी आणि कायद्याने शिक्षेतून दिलेली सूट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आयोगाकडे सात हजारांहून अधिक जणांनी सूट मागितली. मिळाली ८४९ जणांना. अटी दोन: गुन्हा राजकीय हेतूने केलेला असावा, आणि सगळं खरं सांगावं. पश्चात्ताप ही अट नव्हती. बरेच लोक इथे अडखळतात, मीही अडखळले होते. मग पटलं. पश्चात्ताप अटीत घातला असता, तर प्रत्येकाने तो पाठ करून आणला असता.

आणि माफ न करण्याचा हक्क? वर्णभेदाविरुद्ध लढणारे स्टीव्ह बिको १९७७ मध्ये पोलिसांच्या ताब्यात मेले. त्यांच्या घरच्यांनी या सूट देण्यालाच १९९६ मध्ये घटना न्यायालयात आव्हान दिलं. ते हरले. पण पुढे बिकोंच्या मृत्यूबद्दल सूट मागणाऱ्या पोलिसांचे अर्ज आयोगाने फेटाळले. बिकोंच्या घरच्यांना 'समेटाच्या आड येणारे' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. ज्याचं माणूस गेलं, त्याच्याकडे क्षमा ही वर्गणी मागावी तशी मागता येत नाही.

*

१९९७ चं 'उबू अँड द ट्रुथ कमिशन'. लेखन जेन टेलर, दिग्दर्शन विल्यम केंट्रिज, बाहुल्या हँडस्प्रिंग पपेट कंपनीच्या. मारेकरी आणि त्याची बायको यांची कामं हाडामांसाचे नट करतात. साक्षीदार मात्र लाकडी बाहुल्या. पुरावे गिळून टाकणारा एक मगरही आहे, कागद फाडण्याचं यंत्र असल्यासारखा.

साक्षीदारांसाठी बाहुल्या का? कारण ती माणसं त्याच काळात, त्याच देशात, खरोखरच्या सुनावणीत बोलत होती. त्यांचं रडणं एखाद्या नटीने हुबेहूब करून दाखवायचं आणि टाळ्या घ्यायच्या, हे कसं सोसायचं? बाहुली खोटं रडत नाही. तिला हलवणारे दोघे शेजारीच दिसत असतात, तिच्याकडे एकटक पाहत. ते तिच्याकडे पाहतात म्हणून आपणही पाहतो.

कलावंताने दुसऱ्याच्या दुःखाला हात लावावा तो असा, हात दिसू देऊन.

*

निळा झगा. याबद्दल मी या वहीत तीनदा लिहायला बसले आणि तीनदा थांबले.

फिला न्द्वांद्वे ही वर्णभेदी राजवटीविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र दलातली तरुण बाई. १९८८ मध्ये पोलिसांनी तिला पकडून नेलं. तिने फितूर व्हावं, आपल्याच लोकांची नावं सांगावीत, अशी त्यांची इच्छा. तिने तोंड उघडलं नाही. तिला विवस्त्र ठेवलं होतं. हाताला लागलेल्या निळ्या प्लास्टिकच्या पिशवीचं तिने अंतर्वस्त्र केलं. पुढे तिला गोळी घालून एका शेतात पुरलं. सूट मागायला आलेल्या मारेकऱ्यांनी जागा दाखवली. १९९७ मध्ये खणलं, तेव्हा सांगाड्याच्या कमरेवर ते निळं प्लास्टिक तसंच होतं.

चित्रकार जुडिथ मेसन यांनी हे रेडिओवर ऐकलं. तिच्या धैर्याबद्दल सांगत होते ते तिला मारणारेच. मेसन यांनी टाकलेल्या निळ्या पिशव्या गोळा केल्या, त्या शिवून एक झगा केला आणि त्याच्या घेरावर फिलाला उद्देशून पत्र रंगवलं. त्यासोबत दोन चित्रं केली. आज ते सगळं जोहान्सबर्गच्या घटना न्यायालयात आहे, न्यायमूर्तींच्या आणि पक्षकारांच्या वाटेवर.

वाचणाऱ्या मराठी माणसाला द्रौपदी आठवेल. पण इथे वस्त्र पुरवायला कुणी आलं नाही. तिने ते स्वतः केलं, आणि दहा वर्षांनी एका अनोळखी, गोऱ्या, वयाने मोठ्या बाईने उरलेला झगा शिवला. एवढ्या उशिरा, काही उपयोग नसताना.

मेसन कुणाच्या वतीने माफी मागत नव्हत्या. पण त्या राजवटीत ज्यांच्या कातडीच्या रंगामुळे त्यांचं आयुष्य सुखात गेलं, अशांपैकी त्या एक होत्या, आणि त्यांनी पिशव्या वेचल्या. माफी मागणं म्हणजे वाकणं असेल, तर पिशव्या वेचायलाही वाकावंच लागतं.

*

ते न्यायालय उभं आहे जुन्या तुरुंगाच्या जागेवर. २००४ मध्ये उघडलं. कच्च्या कैद्यांची इमारत पाडली, तिच्या विटा न्यायदालनाच्या भिंतीत घातल्या, आणि तिचे चार जिने तसेच ठेवले. मंडेला या तुरुंगात होते. १९०८ मध्ये गांधीही होते, अपमानकारक नोंदणी कायदा मोडल्याबद्दल. न्यायदालनात जमिनीलगत काचेची लांब पट्टी आहे. बाहेरून चालणाऱ्यांचे पाय आतून दिसतात.

*

त्या न्यायालयातला चित्रसंग्रह उभा करणारे न्यायमूर्ती आल्बी सॅक्स. ७ एप्रिल १९८८ रोजी मोझांबिकमधल्या मापुतोत त्यांच्या गाडीत बॉम्ब फुटला. उजवा हात गेला, एका डोळ्याची दृष्टी गेली. बॉम्ब त्यांच्याच देशाच्या सरकारी हस्तकांनी ठेवलेला.

काही वर्षांनी त्या कटात सामील असलेला एक लष्करी माणूस त्यांना भेटायला न्यायालयात आला. दोघे बराच वेळ बोलले. निघताना सॅक्स त्याला म्हणाले, की एरवी मी निरोप देताना हात मिळवतो, पण तुझ्याशी मिळवू शकत नाही. आयोगाकडे जा, जे ठाऊक आहे ते सांग, मग कधीतरी भेटू. तो गेला, त्याने सांगितलं. पुढे एका समारंभात गर्दीतून त्याने हाक मारली. सॅक्स यांनी उरलेला हात पुढे केला. नंतर त्यांच्या कानावर आलं, की तो माणूस घरी जाऊन कितीतरी दिवस रडत होता.

या गोष्टीत पहिला नकार मला हस्तांदोलनापेक्षा मोलाचा वाटतो. तो नसता, तर दुसऱ्या भेटीला वजनच आलं नसतं.

याच सॅक्स यांनी १९८९ मध्ये आपल्या पक्षाच्या लोकांपुढे एक टिपण मांडलं होतं: 'संस्कृती हे लढ्याचं हत्यार आहे' असं म्हणायला आपण पाच वर्षं बंदी घालू या. त्या चळवळीत हे बोलायला छाती लागत होती. त्यांचं म्हणणं असं, की आपल्या चित्रांत आणि कवितांत नुसत्या मुठी आणि बंदुका उरल्या आहेत. प्रेम गेलं, शंका गेली, माणसातली विसंगती गेली. समाज दोन तटांत फुटला, की दोन्ही तट कलावंताला रांगेत उभं करतात आणि हातात फलक देतात. सॅक्स यांचा हात त्या लढ्यात गेला होता. फलक खाली ठेवा, असं ते सांगत होते.

*

केंट्रिज यांची चलचित्रं. कोळशाने कागदावर काढायचं, एक छायाचित्र घ्यायचं, थोडं पुसायचं, बदलायचं, पुन्हा छायाचित्र. एकाच कागदावर महिनोन्महिने. कोळसा पूर्ण पुसला जात नाही. माणूस चालत पुढे जातो आणि मागे त्याच्या आधीच्या जागांची राखाडी सावली राहते. 'फेलिक्स इन एक्झाइल' (१९९४) मध्ये माळावर पडलेली प्रेतं हळूहळू जमिनीत मिसळतात, आणि आपण त्या जमिनीकडे पुन्हा पहिल्यासारखं पाहू शकत नाही.

केंट्रिज यांचे वडील सिडनी केंट्रिज, बिकोंच्या मृत्यूच्या चौकशीत त्यांच्या कुटुंबाचे वकील. त्या घरात वाढलेल्या मुलाला न पुसली जाणारी रेघ सापडावी, यात मला नवल वाटत नाही.

*

मायकेल लॅप्सली हे वर्णभेदाविरुद्ध उभे राहिलेले धर्मगुरू. १९९० च्या एप्रिलमध्ये हरारेत त्यांना आलेल्या टपालात, धार्मिक मासिकांच्या आत बॉम्ब होता. दोन्ही हात आणि एक डोळा गेला. पुढे त्यांनी केप टाउनमध्ये आठवणींच्या जखमा भरून आणणारी संस्था काढली. वेगवेगळ्या बाजूंची माणसं तिथे एका खोलीत बसतात आणि आपलं आयुष्य आधी कागदावर रंगांनी काढतात, मग त्याबद्दल बोलतात. चित्र येत नसलं तरी चालतं. न येणाऱ्या हाताने काढलेल्या घराकडे पाहताना समोरच्याचा पक्ष कोणता, हे क्षणभर विसरायला होत असावं.

लॅप्सली सायकलची गोष्ट सांगतात. तू माझी सायकल चोरलीस, सहा महिन्यांनी येऊन माफी मागितलीस, मी माफ केलं. आणि सायकल? ती तुझ्याकडेच.

*

सायकल म्हणजे काय, ते केप टाउनच्या डिस्ट्रिक्ट सिक्समध्ये दिसतं. ११ फेब्रुवारी १९६६ ला ही वस्ती फक्त गोऱ्यांसाठी ठरवली. साठ हजारांहून जास्त माणसं हलवली, घरं जमीनदोस्त केली. १९९४ च्या शेवटी तिथल्या जुन्या चर्चमध्ये संग्रहालय उघडलं. जमिनीवर वस्तीचा भलामोठा नकाशा. जुने रहिवासी गुडघ्यावर बसून आपलं घर होतं तिथे नाव लिहितात. एक लांबच लांब कापडही आहे, त्यावर लोकांनी लिहिलेलं नंतर दोऱ्याने भरतात.

नकाशावर घर मिळालं. जमिनीवर ते फार थोड्यांना परत मिळालं आहे.

*

राष्ट्रगीत. १९९७ पासून लढ्यातलं 'न्कोसी सिकेलेल इआफ्रिका' आणि गोऱ्या राजवटीचं 'डी स्टेम' एकत्र जोडलं आहे, पाच भाषांत. मध्येच सूरपट्टी बदलते आणि गीत पहिल्या सुरावर परत येत नाही. कानाला सांधा कळतो. बुजवला नाही, हे बरं केलं.

*

पुन्हा क्रॅडॉक. कलाटांसह मारल्या गेलेल्या चौघांपैकी दुसरे म्ह्लाउली. त्यांचा एक हात कापून पोलिसांनी बरणीत ठेवला होता. त्यांच्या पत्नीने आयोगापुढे तो परत मागितला. त्यांच्या मुलीने जे सांगितलं, ते टूटूंनी पुढे जन्मभर ठिकठिकाणी सांगितलं: आम्हाला माफ करायचं आहे, पण कुणाला माफ करायचं ते तरी कळू द्या.

या हत्येसाठी सूट मागणाऱ्या सहा पोलिसांचे अर्ज १९९९ मध्ये फेटाळले गेले. त्यानंतर खटला भरायला हवा होता. भरला नाही. आरोपी म्हातारे होत गेले, मरत गेले. २००३ मध्ये आयोगाने बळी ठरवलेल्यांना सरकारने प्रत्येकी ३०,००० रँड देऊ केले. एकदाच.

२०२५ च्या जूनमध्ये चौघांच्या मृत्यूची न्यायालयीन चौकशी पुन्हा उघडली. पहिली १९८७ ची, दुसरी १९९३ ची, ही तिसरी. वडील गेले तेव्हा तीन वर्षांचा असलेला कलाटांचा मुलगा लुखान्यो आता चाळिशी ओलांडलेला पत्रकार आहे. न्याय मागणाऱ्या कुटुंबांत तो पुढे आहे. त्याने आणि त्याच्या पत्नीने वडिलांवर पुस्तकही लिहिलं आहे.

आज रात्री १९९६ चं ते ध्वनिमुद्रण पुन्हा लावलं. किंकाळी आली, तिच्यामागून गाणं आलं. गाणं संपल्यावर खुर्च्या सरकल्याचा आवाज येतो, आणि मग नोमोंडे बोलू लागतात.