टोबीची साक्ष

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात ‘पुस्तकांवर शेरे मारू नयेत’ अशी पाटी ज्या भिंतीवर टांगलेली आहे, त्याच भिंतीला टेकून उभ्या असलेल्या कपाटातील शेरलॉक होम्सच्या जुन्या बांधीव खंडांच्या समासांत दोन पिढ्यांच्या वाचकांनी शिसपेन्सिलीने आपापले अभिप्राय इतक्या मुक्तहस्ताने नोंदवून ठेवले आहेत, की मूळ ग्रंथ वाचावा की त्यावरचे हे भाष्य वाचावे, असा संभ्रम पडावा. खुनी कोण हे पहिल्याच प्रकरणाच्या माथ्यावर लिहून ठेवणारा एक नराधमही त्या भाष्यकारांत आहे. त्याच्याविषयी अधिक न बोललेले बरे. परंतु कथेत जेथे जेथे कुत्रा अवतरतो, तेथे तेथे समास विशेष गजबजलेला दिसतो, हे माझ्या ध्यानी आल्यापासून मी ते खंड कथांसाठी कमी आणि शेऱ्यांसाठी अधिक, असे वाचू लागलो आहे.

सर्वांत दाटी आहे ती 1890 साली प्रसिद्ध झालेल्या ‘द साइन ऑफ फोर’मधल्या टोबीभोवती. लांब केसांचा, लोंबत्या कानांचा, तपकिरी-पांढऱ्या रंगाचा, बदकासारखा डुलत चालणारा हा मिश्र जातीचा कुत्रा लॅम्बेथमधल्या पिंचिन लेनमध्ये, पेंढा भरलेले पक्षी विकणाऱ्या एका खाष्ट म्हाताऱ्याच्या घरी राहतो, आणि त्याला आणावयास होम्स वॉटसनला मध्यरात्र उलटून गेल्यावर पिटाळतो. कारण अख्ख्या लंडनच्या गुप्त पोलिसांपेक्षा एकट्या टोबीची मदत त्याला अधिक मोलाची वाटते. गुन्हेगारांपैकी एकाचा पाय क्रिओसोटमध्ये, म्हणजे लाकूड कुजू नये म्हणून रेल्वेच्या स्लीपरांना फासतात त्या उग्र वासाच्या तेलात, पडलेला असतो. त्या वासावर टोबी पहाटेच्या लंडनमधून मैलोगणती या दोघांना ओढीत नेतो आणि अखेर एका लाकडाच्या वखारीत, हातगाडीवरच्या एका पिंपावर चढून, कामगिरी फत्ते केल्याच्या समाधानाने शेपटी हलवीत उभा राहतो. पिंप क्रिओसोटचे असते. होम्स आणि वॉटसन पोट धरधरून हसतात.

या पानावर तीन हस्ताक्षरे आहेत. पहिले म्हणते, ‘कुत्रा मूर्ख.’ दुसरे, बहुधा एखाद्या वकिलाचे किंवा निदान कचेरीत जन्म घालवलेल्या कारकुनाचे, वळणदार: ‘असला पुरावा कोर्टात टिकणार नाही.’ तिसऱ्याने फक्त ‘शाबास!’ लिहिले आहे, आणि तिघांत मला हा तिसराच जवळचा वाटतो. टोबीला क्रिओसोटचा माग काढावयास सांगितले होते. खुन्याची ओळख त्याला कोणी करून दिलीच नव्हती. दोन वास वाटेत एकमेकांना छेदून गेले, त्याने एक धरला आणि तो इमानाने तडीस नेला. चूक असलीच तर ती विचारणाऱ्याच्या प्रश्नात होती. होम्सलाही हे उमगते. तो त्याला वाट फुटल्या जागी परत नेतो, आणि त्या दुसऱ्या मागावरून टोबी त्यांना थेट थेम्सच्या काठी पोचवतो. पुढे पाणी, म्हणजे नाकाची हद्द संपली.

पुढल्या खंडांत हाच विचार गडद होत जातो, आणि तसतसे शेरेही विरळ होत जातात. ‘बास्करव्हिल’ कादंबरीतल्या त्या भयंकर हाउंडाला घराण्याचा वारस सर हेन्री याचा वास देण्यासाठी त्याचा नवा बूट चोरला जातो, अंगाचा वास न लागलेला म्हणून परत येतो, आणि मग जुना नाहीसा होतो, ही खुबी समासातल्या कोणाही चाणाक्षाने टिपलेली नाही. त्याच सर हेन्रीचे जुने कपडे अंगावर असलेला एक फरारी कैदी माळावर त्या हाउंडाच्या भयाने पळता पळता कड्यावरून कोसळून मरतो. हाउंडाने वास बरोबर ओळखला होता. कपड्यांच्या आत माणूस दुसरा होता. आणि 1904 सालच्या एका कथेत, केंब्रिजमधल्या डॉक्टराच्या गाडीच्या चाकावर बडीशेपेच्या जातीच्या ॲनिसीडचा अर्क उडवून होम्स पॉम्पी नावाचा कुत्रा मागावर सोडतो, तेव्हा तो माग गुन्ह्यापाशी पोचतच नाही; तो पोचतो एका एकाकी घरात, क्षयाने नुकत्याच मेलेल्या तरुण पत्नीच्या पायथ्याशी रडणाऱ्या नवऱ्यापाशी. या पानाचा समास कोरा आहे. एवढ्या बोलघेवड्या वाचकांनाही तेथे पेन्सिल उचलवली नाही.

खऱ्या लंडनने मात्र कुत्र्यांकडून फारच अपेक्षा केली होती. 1888 साली व्हाइटचॅपलमधल्या खुनांनी शहर हादरले, तेव्हा ब्लडहाउंड सोडा, असा वर्तमानपत्रांतून वाचकांचा तगादा लागला. पोलीस आयुक्त सर चार्ल्स वॉरन यांनी बार्नबी आणि बर्गो हे दोन हाउंड मागवून बागांत त्यांची परीक्षा पाहिली. परंतु नोव्हेंबरात शेवटचे प्रेत सापडले, तेव्हा कुत्रे येतील म्हणून पोलीस बंद दारापुढे दोनअडीच तास तिष्ठत राहिले, आणि कुत्रे त्या वेळी लंडनमध्ये नव्हतेच!

आपल्याकडे हे काम माणसाचे होते. चोरी झाली की गावचा जागल्या किंवा रामोशी धुळीतली पावले ओळखीत शिवेपर्यंत माग नेई, आणि शिव ओलांडून माग पुढल्या गावात शिरला की जबाबदारीही त्या गावच्या राखणदाराच्या गळ्यात पडे. तेथे मागकाढ्याला विचारता तरी येई, की बाबा, हेच पाऊल कशावरून? कुत्र्याला ते विचारता येत नाही. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात 1969 साली सर्वोच्च न्यायालयाने या पुराव्यावरचे आक्षेप नोंदवताना हेच म्हटले, की कुत्रा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात शपथेवर उभा राहू शकत नाही, त्याची उलटतपासणी होत नाही. आणि माणसाचे प्राण व स्वातंत्र्य श्वानाच्या अनुमानावर टांगून ठेवावे काय, अशीही शंका घेतली जाते. आमच्या वळणदार अक्षराच्या अज्ञात भाष्यकाराने हे वाचले असते तर त्याची छाती फुगली असती. तो बरोबर होता, हे मी कबूल करतो. तरी ‘शाबास’ लिहिणाऱ्याची बाजू सोडवत नाही.

परवा तो खंड पुन्हा घरी आणला, तेव्हा वखारीच्या पानावर तळाशी पूर्वी न दिसलेली एक ओळ सापडली. अक्षर लहान मुलाचे, ठसठशीत: ‘मग टोबीला काय मिळाले?’ आणि त्याखाली, अगदी बारीक, त्याच कारकुनी वळणात: ‘आरंभी साखरेचा एक खडा. अखेरीस अर्धा सॉव्हरिन, तो मालकास.’