दुसऱ्या शाईतली नोंद

1563च्या ऑगस्टमध्ये बोर्दोजवळच्या एका खेड्यात एतिएन द ला बोएती आमांशाने अंथरुणाला खिळला. वय अवघं 32. दुखणं लागट आहे, तू अधूनमधूनच येत जा, असं त्याने मित्राला सांगून पाहिलं. मित्र म्हणजे फ्रेंच निबंधकार मिशेल द माँतेन्य. तो मग उशापासून हललाच नाही. शेवटी शेवटी ग्लानीत ला बोएती पुन्हा पुन्हा ‘जागा’ मागत राहिला. तू श्वास घेतोस, बोलतोस, तुला देह आहे, म्हणजे तुझी जागा आहेच, असं माँतेन्य त्याला समजावू लागला. तर्क बिनचूक होता. मरणाऱ्याला तो पुरला नाही. त्याला हवी ती जागा ही नव्हती. माँतेन्यने हे सगळं वडिलांना पत्रातून कळवलं. ते वाचताना माझा घसा दाटून येतो. दुःखापुढे आपणही असेच शहाण्यासारखे बोलत सुटतो.

ॲरिस्टॉटलने मैत्रीची तीन कारणं सांगितली: उपयोग, आनंद आणि सद्गुण. मांडणी पटते. तरी माझ्या जिवाभावाच्या मैत्रिणीला त्यात बसवू पाहते, तेव्हा ती कुठून ना कुठून बाहेर उरतेच. तिच्याहून गुणी, तिच्याहून मदतीला धावणाऱ्या बायका मला भेटल्या. जीव जडला तो हिच्यावर.

माँतेन्य तिथेच अडला होता. 1580 साली त्याचे निबंध छापून आले (आपला ललित निबंध त्याच वंशातला). पहिल्या भागातल्या 57 प्रकरणांपैकी बरोबर मधलं, 29वं, त्याने मित्राच्या सुनीतांना दिलं. पुढे ती सुनीतंही स्वतःच काट मारून काढली. त्याआधीचं प्रकरण मैत्रीवरचं. या प्रेमाचं कारण सांगता येत नाही, एवढं लिहून तो तिथे थांबला होता. 1588च्या आवृत्तीची त्याची स्वतःची प्रत आजही बोर्दोच्या ग्रंथालयात आहे. तिच्या समासात त्याने कारण म्हणून आधी मित्राकडे बोट दाखवलं: ‘कारण तो तो होता.’ नंतर केव्हातरी, वेगळ्या शाईने, त्यात स्वतःचीही भर घातली: ‘कारण मी मी होतो.’

मित्राला जाऊन तोवर पंचवीस वर्षं उलटली होती. या दोन शायांमधलं अंतर मला फार मोठं वाटतं. आवडत्या माणसाला सगळं श्रेय देणं सोपं. भक्तीही तेच करते. पण त्यात आपलाही वाटा होता, आपल्या जागी दुसरं कुणी असतं तर हे जुळलंच नसतं, असं मानायला निराळी हिंमत लागते. मैत्रिणीबद्दलची पहिली नोंद मी आत्ता, या क्षणी करीन. दुसरी अजून माझ्या हातून लिहिली जात नाही.