फर्माईश

मला सुरांतले फारसे कळत नाही. वर्गात कविता चालीवर म्हणू लागलो, की माझाच सूर आधी सुटतो आणि मागच्या बाकावरची मुले खाली माना घालून हसतात. म्हणूनच तीन वर्षांपूर्वी खरोखरी गाणारा एक मुलगा माझ्या वर्गात आला, तेव्हा मला गुप्तधन सापडल्यासारखे झाले.

मग काय विचारता! पाहुणे आले, गा. पंधरा ऑगस्ट आला, गा. कुणाचा सत्कार, कुणाचा निरोप, गा. मी त्याला उभा करी आणि ऐटीत बाजूला राही. टाळ्या त्याला पडत. पण त्यांतला थोडा वाटा मी गुपचूप माझ्या खिशात टाकी. त्याचे वय आवाज फुटण्याचे. स्नेहसंमेलनाच्या तिसऱ्या दिवशी त्याचा घसा बसला. "सर, आज नको की," तो म्हणाला. "अरे, एकच म्हण!" मी म्हणालो. ते एक तो कसेबसे म्हणाला. त्यानंतर त्याने गाणेच सोडले.

त्या सुट्टीत अल्लादियाखाँसाहेबांचे चरित्र वाचनात आले. उमेदीच्या वयात ते माळव्याकडच्या आमलेटा दरबारी होते. तिथला गाण्याचा शौक असा दांडगा, की सतत गाऊन गाऊन खाँसाहेबांचा आवाज गेला. सुमारे दोन वर्षे गेला. परतला तो पहिला नव्हता. त्या आवाजाला पेलेल अशी पेचदार, लयीशी गुंतलेली गायकी त्यांनी घडवली. पुढे १८९५ च्या सुमारास ते कोल्हापुरास आले आणि शाहू महाराजांचे दरबारगायक झाले. १९२२ साली महाराज वारले, तोवर पाव शतकाहून अधिक काळ कोल्हापूरच त्यांचे घर होते. नंतर ते मुंबईस गेले. १९४६ साली तिथेच त्यांचा अंत झाला. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्या गळ्यांतून ती गायकी आज जयपूर-अत्रौली घराणे म्हणून ओळखली जाते.

राजाश्रय म्हटले, की आपल्याला शेला-पागोटे आठवते, सोन्याचे कडे आठवते. मला आता हे दोन दरबार आठवतात. दोघांनाही गाणे प्रिय होते. एकाच्या प्रेमाने गळा गेला. दुसऱ्याच्या सावलीत तो बदललेला गळा नांदला. गवयाला पैका लागतो हे खरेच. पण त्याहून अधिक सवड लागते, आणि ती देणे पैका देण्याहून कठीण. कारण सवड देणाऱ्याला आपली हौस आवरावी लागते.

चरित्र मिटले तेव्हा मला कळले, की एवढ्याशा शाळेत मीही एक दरबार भरवला होता, आणि तो कोल्हापूरचा नव्हता.

आता शाळा सुटल्यावर मी वह्या तपासत बसतो. तो मुलगा दहावीत आहे. घरी जागा नाही म्हणून माझ्याच वर्गात अभ्यासाला थांबतो. गाण्याचा विषय मी काढत नाही. परवा गणित सोडवता सोडवता तो काहीतरी गुणगुणला. आवाज जाड झाला होता, पण सूर जागेवर होता, एवढे मलाही कळले.

"जरा मोठ्याने म्हण रे," हे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले. मी मान खाली घातली आणि पुढची वही उघडली.