स्वतःबद्दल सांगा

पुतणीची केंद्रीय लोकसेवा आयोगाची मुलाखत तोंडावर आली आहे. २०२५ पैकी २७५ गुणांचा मामला. आज मेहकरला गेलो, तर पोरगी घोकत बसलेली: नाव, गाव, पदवी, छंद वाचन. हे सगळं अर्जात भरलेलंच आहे आणि तो अर्ज मंडळाच्या पुढ्यात असतो. तेच पुन्हा ऐकवून काय साधणार?

म्हटलं, लोणारच्या सरोवरापासून सुरू कर. ती म्हणाली, ''काका, ते तर सगळेच सांगतात.'' खरंय. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झालं, पुण्याच्या आघारकर संस्थेला पाण्यात खारटपणात वाढणारे सूक्ष्मजीव सापडले, त्याच वर्षी पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव लागलं. एवढं तर मार्गदर्शक पुस्तकंही पुरवतात. पण कमळजा देवीला जाताना विवराच्या उतारावर पाय कसे भरून येतात, पाण्याजवळ पोचल्यावर वास कसा नाकात बसतो, हे तिचं स्वतःचं आहे. शिवाय आपल्या बोलण्यातून पुढचा प्रश्न आपणच पेरत असतो. लोणार म्हटलं की पाणी, पर्यटन, गावाचं सांडपाणी हे ओघानं येणारच. तिथे तिची तयारी पक्की आहे.

मग ती वेगळंच बोलली. आई घाटाखालची, नांदुऱ्याची, बाप घाटावरचा. एकाच जिल्ह्यातली काळी कपाशीची जमीन आणि वरचं मुरमाड रान, दोन्ही घरातच भांडतात म्हणे! हे बोलताना आवाज अजिबात घोकल्यासारखा नव्हता. ''हे चालते का तिथी?'' तिनं विचारलं. चालतं की. फक्त दीड मिनिटात बसव, म्हटलं. आणि मुलाखत मराठीत द्यायची मुभा आहे, तर इंग्रजीचा हट्ट सोड.