पत्र्याखालचं पॅरिस

युरोपला जायचं म्हटलं की आमच्या काळाचौकीत पहिला प्रश्न ठरलेला : "स्वेटर घेतलेस का रे?" दुसरा प्रश्नच नाही!

दादा नोकरीनिमित्त पॅरिसला असतो. २०२५ च्या जूनमध्ये, आमची परीक्षा आटोपल्यावर, त्याने आईचं आणि माझं तिकीट काढलं. सोळा जूनला जायचं, चार जुलैला परत. आईचं वय त्रेसष्ट. रोज सकाळी रक्तदाबाची गोळी, आणि चाळीचे तीन जिने चढली की कठड्याला टेकून दोन मिनिटं थांबते. आयुष्यात कोकण आणि पंढरपूर सोडून कुठे गेलेली नाही. बातमी गॅलरीत फुटली आणि दोन दिवसांत आमच्या कॉटवर तीन माकडटोप्या, दोन शाली आणि शेजारच्या मावशींचे लोकरीचे मोजे जमा झाले. मावशी टूरबरोबर युरोपला जाऊन आल्या आहेत. त्यांचा बर्फातला फोटो खोटा नाही, पण तो युंगफ्राउयोखचा. ती जागा समुद्रसपाटीपासून ३,४५४ मीटर उंच, तिथे जूनमध्येही बर्फ असतोच. पॅरिस मात्र सपाटीवर, नदीकाठी. आपल्याकडे युरोप म्हटलं की सिनेमातला बर्फ आणि त्यात शिफॉनची साडी, त्याला मावशी काय करणार?

मी हवामानाचे आकडे काढून बसलो. जुलैत पॅरिसचं सरासरी कमाल तापमान पंचविशीच्या आसपास, किमान सोळाच्या. वाचून वाटतं, वा, महाबळेश्वरच! पण इंजिनिअरिंग मॅथ्सची केटी ज्याने काढली आहे त्याला विचारा, नुसत्या सरासरीवर कुणी डिझाइन करत नाही. याच पॅरिसात २५ जुलै २०१९ रोजी ४२.६ अंशांची नोंद झाली आहे. ऑगस्ट २००३ च्या उष्णतेच्या लाटेत एकट्या फ्रान्समध्ये सुमारे पंधरा हजार माणसं दगावली. त्यात बहुतेक म्हातारी माणसं, आणि वरच्या मजल्यावरच्या खोल्यांत राहणाऱ्यांना धोका जास्त. हे वाचलं आणि दादाला फोन लावला, "तू कितव्या मजल्यावर राहतोस?"

"सहाव्या. शेवटचा मजला. लिफ्ट नाही. का रे?"

पॅरिसची बहुसंख्य छपरं जस्ताच्या पत्र्याची आहेत. ती घालणाऱ्या कारागिरांचं कसब २०२४ च्या डिसेंबरात युनेस्कोच्या यादीत गेलं. फोटोत फार सुंदर दिसतात, करडी-निळी. पण पत्रा तो पत्राच. मेमध्ये पोटमाळ्यावर अभ्यास केलेल्या कुणालाही त्याखाली काय होतं हे समजावून सांगायला नको.

तेव्हा आमची तयारी दोन बाजूंनी सुरू झाली. गॅलरीचं मत थंडी, माझं मत उकाडा. खरं म्हणजे दोन्ही हवं होतं. मुंबईत जूनमध्ये दिवस आणि रात्र यांत पाच-सहा अंशांचा फरक, कारण शेजारी समुद्र आणि हवेत बाष्प. तिथे एकाच दिवसात दहा-बारा अंश सहज. म्हणून एक जाड स्वेटर नेण्यापेक्षा पातळ कपडे एकावर एक : आईसाठी सुती साड्या, पूर्ण बाह्यांचा ब्लाउज, एक पातळ शाल आणि टोपीचं रेनकोट-जॅकेट. आता सुती साड्या वाळवायच्या कुठे? त्या वर्षी पाऊस मुंबईत २६ मेलाच हजर! नेहमीची तारीख ११ जून. आईचं सगळं गणित सात जूनच्या मृगावर बसवलेलं, छत्र्या त्यानंतर माळ्यावरून निघतात. त्या दिवशी ती खिडकीतून बघत म्हणाली, "आपल्याच पावसाचा भरवसा राहिला नाही, तिकडचं काय सांगतोस!"

सगळ्यात कामाचा सल्ला मात्र युरोप पाहिलेल्या कुणीही दिला नाही. तो दिला हॉस्टेलच्या माझ्या पार्टनरने. गडी चंद्रपूरचा. सेहेचाळीस अंशांत क्रिकेट खेळलेला. म्हणाला, "अबे, सकाळी आठ वाजता खिडक्या बंद करायच्या, पडदे ओढायचे, रात्री उघडायच्या. ऊन घरात शिरूच द्यायचं नाही नं. आणि तहान लागायची वाट पाहू नको. कोरड्या हवेत घाम दिसत नाही, पण जातो."

मुंबईकराला हे उलटं वाटतं. आपल्याकडे आत-बाहेर तापमान जवळपास सारखं, म्हणून खिडकी सताड उघडायची आणि वाऱ्याने घाम सुकवायचा. तिथे दुपारी बाहेर सदतीस आणि बंद घरात तीस असेल, तर खिडकी उघडणं म्हणजे भट्टीचं दार उघडणं.

लालबागच्या आमच्या जुन्या डॉक्टरांनी दुसरी गोष्ट सांगितली. आईच्या गोळीने लघवीवाटे पाणी जातं. कडक उन्हात दाब उतरू शकतो. "मशिन बरोबर न्या, रोज मोजा, चक्कर आली तर आधी मला फोन. मनाने गोळी बंद करायची नाही." म्हणून बॅगेत मशिन, मीठ-साखरेची पाकिटं आणि प्रिस्क्रिप्शन गेलं. विमा शेंगेन व्हिसासाठी काढावाच लागतो, किमान तीस हजार युरोंचा. त्याचे कागद मी आईच्या पिशवीतही ठेवले.

पहिले दोन-तीन दिवस मावशींचे. पहाटे शाल लागायची. आई शालीतून माझ्याकडे विजयी नजरेने बघायची. मग ऊन चढलं. पंचवीस जूनला दिवसभर घामाघूम आणि संध्याकाळी एकदम काळं आभाळ, वादळी वारा, पाऊस. लोकांच्या छत्र्या उलट्या झाल्या, आईचं जॅकेट टिकलं. त्या रात्री फ्रान्सच्या संसदेच्या छतातून सभागृहात पाणी गळलं आणि कामकाज थांबवावं लागलं. दादाने बातमी वाचून दाखवली. आमच्या खोलीत दर पावसाळ्यात कपाटाशेजारी बादली ठेवणारी आई म्हणाली, "इथेही गळतं?" त्यानंतर पॅरिसबद्दल तिचं दडपण बरंच कमी झालं.

खरी परीक्षा पुढे. महिनाअखेरीस पुन्हा लाट आली आणि १ व २ जुलैला पॅरिससाठी सर्वांत वरचा, लाल इशारा. आयफेल टॉवरचं टोक पर्यटकांना बंद. आम्ही बाहेर पडायचं ते सकाळीच. "बारा ते तीन ऊन टाळा" हा आपला नियम तिथे उपयोगाचा नाही. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ इतकं पुढे असतं की सूर्य डोक्यावर येतो दुपारी दोनच्या सुमारास (मुंबईत पाऊण वाजायच्या आत). त्यामुळे सगळ्यात जास्त उकाडा पाच-सहाला, आणि अंधार रात्री दहानंतर. मेट्रोच्या सगळ्या गाड्यांत एसी नाही. पाण्याची मात्र चैन. रस्त्यात हिरव्या लोखंडी पाणपोया आहेत, १८७२ पासूनच्या, वॉलेस नावाच्या इंग्रज गृहस्थाने दिलेल्या. आई प्रत्येक पाणपोईवर थांबून बाटली भरायची आणि त्याला दुवा द्यायची. दुपार जाड दगडी भिंतींच्या चर्चमध्ये. तिथे ती डोळे मिटून जप करत बसायची, कुणी हरकत घेतली नाही.

एक तारखेला संध्याकाळी ती खुर्चीतून उठली आणि टेबल धरून उभी राहिली. डोळ्यांपुढे अंधारी. मशिनवर दाब नेहमीपेक्षा बराच खाली. तिथले सहा म्हणजे मुंबईत साडेनऊ, डॉक्टरांनी फोन लगेच उचलला. त्यांनी गोळीबद्दल आणि पाण्याबद्दल सांगितलं तसं केलं. तासाभरात पुन्हा मोजलं तेव्हा आकडा वर सरकला होता. तो एक तास दादा काही बोलला नाही. नुसता जिन्याकडे बघत होता. सहा मजले, लिफ्ट नाही. त्याच्या मनात काय चाललं होतं ते मला कळत होतं, कारण माझ्याही मनात तेच.

खोली रात्री अकरालाही तापलेली. छताला पंखा नाहीच, तिथल्या घरांत तो नसतोच. वहिनी टेबलफॅन शोधायला तीन दुकानं फिरली, सगळीकडे संपलेले. मग आई स्वतःच उठली. चादर बाथरूममध्ये भिजवली, पिळली आणि उघड्या खिडकीवर बांधली. तिच्या लहानपणी पोटमाळ्यावर ओलं गोणपाट टांगायचे म्हणे. मुंबईच्या दमट हवेत त्याचा फारसा उपयोग होत नसणार, इथे आपल्याकडे कूलर चालत नाही त्याच कारणाने. पण पॅरिसची हवा त्या रात्री विदर्भासारखी कोरडी. पाणी झपाट्याने उडत होतं आणि आत येणारी झुळूक खरोखर गार लागत होती. दर तासाला मी चादर पुन्हा भिजवत होतो. तीनच्या सुमारास आईला झोप लागली.

तीन तारखेला हवा उतरली. दादाने त्याच दिवशी दोन गोष्टी केल्या. ऑनलाइन पंखा मागवला आणि खालच्या मजल्यावरचं घर बघायला सुरुवात केली. सप्टेंबरात तो दुसऱ्या मजल्यावर राहायला गेला.

माकडटोप्या घडी न मोडता परत आल्या. मोजे मात्र आईने मावशींना "फार उपयोगी पडले हो" म्हणून दिले, वर फ्रेंच साबणाची एक वडी. चंद्रपूरच्या पार्टनरला आम्ही चीज आणलं. त्याने वास घेतला आणि म्हणाला, "बाप्पा, हे उन्हात ठेवलं होतं का बे?"

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)